कुत्र्याच्या मनाचा पट्टा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या बुंदीचा पट्टा काल तिसऱ्यांदा सेवा केंद्रातून परत आला आणि तिसऱ्यांदा त्याच्यासोबत तेच छापील वाक्य आले : ‘ओलाव्यामुळे झालेला बिघाड हमीमध्ये समाविष्ट नाही.’ हा पट्टा कुत्र्याच्या छातीला बांधायचा असतो; हृदयाचे ठोके मोजून तो कुत्र्याची मनःस्थिती फोनवरच्या ॲपमध्ये दाखवतो, असा कंपनीचा दावा आहे. केसांतून त्वचेशी नीट संपर्क व्हावा म्हणून इलेक्ट्रोडला जेल लावा, जेल नसल्यास पाणी लावा, असे कंपनीच्याच पुस्तिकेत चौथ्या पानावर चित्रासह सांगितले आहे. म्हणजे ओला केल्याशिवाय पट्टा चालत नाही आणि ओला केला की हमी चालत नाही. साडेअठरा हजार रुपये मोजल्यावर हे कळणे मला फार झोंबले.

बिघाड पट्ट्याच्या यंत्रात नाही, चार्जिंगच्या क्लिपमध्ये आहे. तिच्या चार पिनांपैकी दोन पावसाळ्यात हिरव्या पडल्या. नवी क्लिप फक्त कंपनीकडे मिळते आणि तिची किंमत दोन हजार शंभर. आमच्या घरातला सर्वांत महागडा फोनही ज्या साध्या वायरवर चार्ज होतो, ती याला का चालत नाही, या माझ्या प्रश्नाला तीन ई-मेलनंतरही उत्तर आलेले नाही.

बुंदी पाच वर्षांची लॅब्रॅडोर आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला पुण्यातील एका विशेष शाळेत घेऊन जाते. तिथे सेरेब्रल पाल्सी असलेली, स्वमग्न आणि दृष्टिहीन मुले फिजिओथेरपिस्टताईंच्या देखरेखीखाली तिच्यासोबत काम करतात. एका मुलाची डावी मूठ एरवी घट्ट मिटलेली असते; बुंदीच्या पाठीवरून ब्रश फिरवताना ती हळूहळू उघडते आणि त्यासाठी आम्ही सगळे श्वास रोखून बसतो. बुंदीला हे सारे आवडते का, हे मात्र तिला विचारता येत नव्हते. त्यासाठी पट्टा घेतला. मन साशंक होतेच, कारण २००२ साली जपानमध्ये कुत्र्याच्या भुंकण्याचे भाषांतर करणारे ‘बाउलिंग्वल’ नावाचे यंत्र आले होते आणि त्याला त्याच वर्षी इग् नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना मिळणारे गमतीदार पारितोषिक, मिळाले होते.

पहिले दोन महिने मी पट्ट्यावर वैतागलेलेच होते. मी भाजी घेऊन घरी आले की बुंदी अंगावर उड्या मारायची आणि ॲप लाल रंगात ‘ताण’ दाखवायचे. माझ्या येण्याने तिला ताण येतो, हे वाचून माझ्या पतींची चांगलीच करमणूक झाली. पुढे आमच्या पशुवैद्यांनी समजावले तेव्हा उलगडा झाला. निरोगी कुत्र्याचे हृदय घड्याळासारखे ठोके देत नाही. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. निवांत कुत्र्यात हा फरक ठळक असतो. शरीर सावध झाले की ठोक्यांमधली अंतरे एकसारखी होऊ लागतात. पट्टा मोजतो ते इतकेच. शरीर आनंदाने उसळले आहे की भीतीने, हे ठोक्यांवरून ठरत नाही. इटलीतील संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात, मालक दिसताच शेपूट उजवीकडे अधिक झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसताच डावीकडे, असे आढळले होते. पण आमच्या ॲपला शेपूट ठाऊकच नाही. शिवाय कुत्रा चालत असला, धापा टाकत असला की आकडे भरवशाचे राहत नाहीत. ‘भावना ओळखणारा पट्टा’ हे खोक्यावरचे शब्द म्हणूनच मला आजही खोटे वाटतात, आणि ऑक्टोबरमध्ये मी तो विकायला काढलाही होता.

तेवढ्यात एका शुक्रवारी मत बदलावे लागले. तो मूठवाला मुलगा आता धीट झाला होता आणि ब्रश झाल्यावर मागून बुंदीच्या मानेला मिठी मारून पडून राहायचा. बुंदी अजिबात हलत नसे. ‘किती शहाणी, किती शांत,’ असे आम्ही सगळे म्हणत असू. त्या दिवशी ॲपवर पाहिले तर ठोके मिनिटाला ११८ आणि अंतरे जवळजवळ एकसारखी. घरी ती अशीच पडलेली असताना ७५च्या वर जात नाही. चालणे नाही, ऊन नाही, धाप नाही. चुकीला वावच नव्हता. ताईंनी फोनवर घेतलेली चित्रफीत आम्ही रात्री संथ करून पाहिली. चाळीस सेकंदांत तिने तीनदा ओठ चाटले होते, तोंड घट्ट मिटलेले होते आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती. अस्वस्थ कुत्र्याची ही सगळी लक्षणे मला तोंडपाठ होती. मी पाहत होते मुलाच्या मुठीकडे.

त्यानंतर मुलाला बुंदीच्या मागे न बसवता बाजूला बसवू लागलो, चाळीस मिनिटांचे सत्र पंचवीसवर आणले आणि कोपऱ्यात एक सतरंजी टाकली. बुंदी तिच्यावर गेली की तिच्यामागे कोणी जायचे नाही, असा नियम मुलांनीच पाळायला घेतला. तीन आठवड्यांत त्याच मुलासोबत ठोके नव्वदीच्या आत आले. मूठ अजूनही उघडते, थोडी उशिरा.

एका दृष्टिहीन मुलीने मात्र पट्ट्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेतली होती. ‘आजी, आता कोणता रंग आहे?’ असे ती दर दोन मिनिटांनी विचारायची. अपंगांसोबत काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी म्हणून विकले जाणारे यंत्र केवळ हिरव्या-लाल दिव्यातून बोलते. आवाज नाही, कंपन नाही.

आता पुन्हा क्लिप. दोन हजार शंभर रुपये द्यायचे नाहीत, हे मी ठरवलेच होते. शाळेजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने पिना ब्रशने घासून, एक नवी डाखून, दीडशे रुपयांत काम केले. पट्टा बारा दिवस चालला, मग पुन्हा मेला आणि तिसऱ्यांदा केंद्रात गेला. घेणाऱ्यांना माझा सल्ला असा की प्रत्येक वेळी पिना कोरड्या फडक्याने पुसाव्यात, जेल कंपनीचे न घेता सोनोग्राफीचे घ्यावे, आणि आधी दहा दिवस कुत्रा घरी निवांत असतानाचेच आकडे वहीत लिहावेत. दुसऱ्याच्या कुत्र्याशी तुलना करू नये. मिठ्या सहन करणारा अति शहाणा कुत्रा असेल तर पट्टा घ्यावा. अंगणात खेळणाऱ्या कुत्र्यासाठी घेऊ नये.

पट्टा केंद्रात अडकला होता त्या आठवड्यांत त्या दृष्टिहीन मुलीने काम हाती घेतले. ती बुंदीच्या बरगड्यांवर तळवा ठेवते आणि माझे घड्याळ चालू असेपर्यंत श्वास मोजते. निवांत पडलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत हवेत, हे तिला पाठ आहे. परवा मिठीवाल्या मुलाची पाळी सुरू होती, तेव्हा ती मधेच म्हणाली, ‘चौतीस. त्याला हात काढायला सांगा.’ त्याने काढला. बुंदी उठली, अंग झाडले आणि सतरंजीवर जाऊन बसली.