ताकेत्सुरू का नियरेस्ट ग्रीन? व्हिस्कीचा खरा उस्ताद कोण

रंकाळ्यावर आमच्या ग्रुपमध्ये हा वाद अजून मिटला नाही. मासाताका ताकेत्सुरू जपानचा, १८९४ चा, साके म्हणजे तांदळाची दारू बनवणाऱ्या घरातला, १९१८ ला स्कॉटलंडला शिकायला गेला, सगळं वहीत टिपून आणलं, बायकोपण तिकडचीच केली, आधी दुसऱ्या कंपनीला यामाझाकी इथं डिस्टिलरी (व्हिस्की गाळायचा कारखाना) उभी करून दिली आणि मग १९३४ ला होक्काइदो बेटावर योइची गावात स्वतःची कंपनी. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात म्हणून तोवर सफरचंदाचा ज्यूस विकला, हे मला लई आवडतं. तीच कंपनी म्हणजे आजची निक्का.

नियरेस्ट ग्रीनची वही नाही काय नाही. अमेरिकेत टेनेसीत गुलाम होता तेव्हापासून दारू गाळण्यात तरबेज, ज्याच्या नावाची व्हिस्की आज जगभर विकते त्या जॅक डॅनियलला पोरसवदा असताना त्यानंच शिकवलं, गुलामी संपल्यावर त्याच जॅकचा पहिला मास्टर डिस्टिलर म्हणजे गाळणीचा मुख्य कारागीर झाला, आणि जॅक डॅनियलच्या कंपनीनं हे उघड मान्य केलं कधी, तर २०१६ ला! आपल्याकडं गुऱ्हाळावर काहिल कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो आणि बाजारात नाव मालकाचं, तसलंच हे.

ब्रँड बघणारे ताकेत्सुरू म्हणणार, म्हणू देत. माझं मत ग्रीनला.