मेंदूचा झटका: आजचं इंजेक्शन आणि नॅनोकणांचं औषध

घरात रक्तदाब किंवा मधुमेहाचं माणूस असलं आणि मेंदूच्या झटक्यावर 'औषध थेट गुठळीपर्यंत नेणारे नॅनोकण' (अतिसूक्ष्म कण) असा व्हिडिओ मोबाइलवर आला, की प्रश्न पडतोच: यासाठी थांबावं का? आजचं इंजेक्शन आणि हे कण यांची तुलना करून माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे.

आजचं इंजेक्शन म्हणजे मेंदूची धमनी अडवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेझ किंवा टेनेक्टेप्लेझ. पहिलं रक्तात पाचेक मिनिटांत निम्मं होतं, म्हणून थोडं आधी देऊन उरलेलं तासभर शिरेतून सोडतात. दुसरं एकदाच टोचतात. दोन्ही सगळ्या अंगात फिरतात, हाच त्यांचा दोष. अल्टेप्लेझच्या १९९५ च्या अमेरिकी चाचणीत शंभरातल्या सुमारे सहा जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहणारे औषध मिळालेल्यांतच जास्त होते. इंजेक्शनची मुदत लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची. मोठी धमनी बंद असेल तर धमनीतून तार सरकवून गुठळी काढतात. निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही.

नॅनोकण नेमका तो दोष दूर करू पाहतात. कणावर गुठळीतल्या फायब्रिनला (तिला बांधून ठेवणाऱ्या धाग्यांना) किंवा प्लेटलेट्सना चिकटणारा रेणू लावायचा, म्हणजे कमी औषधात काम व्हावं आणि रक्तस्राव टळावा. कल्पना मला मनापासून आवडते. पण बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात. शिवाय धमनी पूर्ण बंद असेल तर तिथे प्रवाहच नसतो, मग कण गुठळीपर्यंत पोचणार कसे? २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अरुंद धमनीतल्या रक्ताच्या जोराने फुटणारे कण दाखवले, तेही उंदरांत. झटक्याच्या रुग्णाला आज रुग्णालयात मिळतं ते साधं इंजेक्शनच.

म्हणून ठाणेकरांनी ठरवायचं ते वेगळंच आहे. घोडबंदर रोडवरून संध्याकाळी माजिवड्याला पोचायला किती वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन, न्यूरोलॉजिस्ट आणि कॅथलॅब (तारेने गुठळी काढायची सोय) आहे, हे आजच फोन करून विचारा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की १०८ लावा आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा.

झटक्यानंतर काही महिन्यांनी कोणी पैसे घेऊन 'नॅनो उपचार' देऊ करत असेल, तर सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. भारतात औषधाच्या चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे. गुठळी विरघळवली तरी मेलेल्या पेशी परत येत नाहीत. ते पैसे फिजिओथेरपीला लावा.