मिरजेतलं खांद्याचं ऑपरेशन: काम चोख, सांगणं अर्धवट

सर्जनच्या हाताला पाचपैकी पाच, ऑपरेशनआधीच्या समजावण्याला जेमतेम दोन. दवाखान्याचं नाव घालत नाही. फिजिओथेरपीच्या बाकावर भेटलेल्या, दुसरीकडे ऑपरेशन झालेल्या दोघींचंही रडगाणं हेच होतं.

उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावरून स्कूटी घसरली आणि मी डाव्या खांद्यावर पडले. कॉलरबोन मोडलं नव्हतं. त्याचं बाहेरचं टोक सांध्यातून निसटून कातडीखाली टेंगळासारखं वर आलं होतं. दाबलं की पेटीच्या पट्टीसारखं खाली, सोडलं की पुन्हा वर. जयसिंगपुरात गळ्यात झोळी अडकवून मिरजेला धाडलं. आमच्याकडे हाडाचं काही झालं की मिरजच. ओपीडीत निम्मं कानडी ऐकू येतं, त्यावरून गर्दी कुठून कुठून येते ते कळतं.

डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांचा एकत्र एक्स-रे काढून डावं-उजवं शेजारी दाखवलं, हे फार आवडलं. कॉलरबोनला खाली धरून ठेवणारे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, तुटले होते. या दुखापतीचे सहा प्रकार. पहिल्या दोनांत झोळी आणि व्यायाम पुरतात, तिसऱ्यात कापावं की नाही यावर डॉक्टरांतच वाद आहे. माझा पाचवा, म्हणजे ऑपरेशनच, आणि तेही लिगामेंट ताजे आहेत तोवर.

मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला, वर पूर्ण भूलही दिली. रात्रपाळीच्या सिस्टर बजावून गेल्या, "काकू, बोटांना मुंग्या आल्या की लगेच बेल दाबा, दुखायची वाट बघू नका." बधिरपणा उतरला की कळ एकदम चढते म्हणे. गोळी आधीच पोटात गेल्यामुळे रात्र निभावली. त्या सिस्टरांना दहा गुण द्यायलाही माझी हरकत नाही.

आता तक्रार. मला हुक प्लेट बसवली. पट्टी कॉलरबोनवर स्क्रूनी घट्ट आणि तिचा आकडा खांद्याच्या वरच्या हाडाखाली अडकवलेला. हात वर नेला की तो आकडा हाडाला घासतो, म्हणून साधारण तीन-चार महिन्यांनी प्लेट काढावीच लागते. म्हणजे दुसरी भूल, दुसरं बिल, शाळेला पुन्हा रजेचा अर्ज. हे मला कळलं टाके काढताना, "प्लेट काढायला सुट्टीत येणार का?" या प्रश्नातून! कॉलरबोनवर एक बटण, खालच्या हाडाला दुसरं आणि मध्ये मजबूत दोरा, अशीही एक पद्धत आहे. तिच्यात सहसा काही काढावं लागत नाही. तिचेही तोटे आहेत: दोरा सैल पडू शकतो, भोकापाशी हाड तडकू शकतं. डॉक्टरांनी माझ्यासाठी निवडलं ते योग्यही असेल, पण दोन्ही पर्याय माझ्यासमोर मांडायला किती वेळ लागला असता?

प्लेट होती तोवर पदराची पिन नेमकी तिच्यावर यायची. शेवटी शाळेत ड्रेस घालून जायला लागले. मुख्याध्यापकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. झोपणं एकाच कुशीवर. केस मागे बांधायचे तर लेकीला हाक. प्लेट काढल्यावर हात हळूहळू डोक्यापर्यंत गेला. आता अंबाडा मीच घालते, फक्त थंडीत जरा ओढ लागते.

फिजिओथेरपीची खोली तळघरात, कोंदट, पण मॅडम कडक आणि वेळेच्या पक्क्या. कॅन्टीनच्या चहाबद्दल न बोललेलं बरं. कॅशलेस झालं खरं, तरी हातमोजे-ड्रेसिंगचे पैसे खिशातून गेले. प्लेटचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलंय ना, तेवढं बघून घ्या.

दुसऱ्या वेळी एस्टिमेट मागायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे पहिल्याच वेळी विचारायचं ना!" मी त्याच्याकडून कागद घेतला, प्लेट काढण्याच्या खर्चाची ओळ पेनानं अधोरेखित केली आणि म्हटलं, पुढच्या पेशंटला हा कागद पहिल्या दिवशी दे.