निकोटिन गम: राग आणि उदासीच्या वेळी सिगारेटपासून किती वाचवतो?

सिगारेट सोडून महिना-दोन महिने झालेले असतात, रोजची तलफ बरीचशी विरलेली असते, आणि एखाद्या कडाक्याच्या भांडणानंतर पहिली आठवण होते ती सिगारेटचीच. सोडलेली माणसं पुन्हा अडकतात ती बऱ्याचदा अशाच क्षणी. सिगारेट सोडल्यावर पुन्हा मोह झालेली माणसं मदतीसाठी फोन करत, त्या संभाषणांचा अभ्यास सॉल शिफमन या मानसशास्त्रज्ञाने 1982 साली प्रसिद्ध केला. मोहाचे बहुसंख्य प्रसंग चिंता, राग, उदासी अशा नकोशा भावनांतून आलेले होते. त्यामुळे निकोटिन गमचं, म्हणजे सिगारेट सोडताना तलफ भागवायला चघळायच्या निकोटिनयुक्त गमचं, हे परीक्षण एकाच कसोटीवर केलं आहे: मन बिथरलेलं असताना तो माणसाला सिगारेटपासून लांब ठेवतो का?

आमचं मत आधीच सांगतो. ठेवतो, पण तो सावकाश काम करतो. हे ठाऊक असलेल्याला त्याचा मोठा आधार होतो. भडका उडाल्यावर पाकीट शोधायला लागणाऱ्याची मात्र निराशा होते, कारण हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे.

गममधलं निकोटिन एका राळेला बांधलेलं असतं आणि चावल्यावरच सुटतं. ते गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जावं म्हणून गममध्ये सोड्यासारखे क्षार घातलेले असतात. तोंडातलं आम्ल कमी झालं तरच निकोटिन त्या त्वचेतून नीट शिरतं. 2 मिलीग्रॅमच्या गममधून शरीराला साधारण 1 मिलीग्रॅम मिळतं, 4 मधून साधारण 2. रक्तातली पातळी टोकाला पोहोचायला 20 ते 30 मिनिटं लागतात. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत असतं. या फरकामुळेच गमची सवय लागण्याचा धोका सिगारेटपेक्षा कितीतरी कमी आहे आणि याच फरकामुळे संतापाच्या पहिल्या पाच मिनिटांत तो तोकडा पडतो. एकाच गोष्टीचा फायदाही आहे आणि तोटाही, आणि गमचा सगळा वापर ही गोष्ट धरूनच आखावा लागतो.

आता सगळ्यात जास्त बिघडतं ते कुठे, ते पाहू. माणूस चिडलेला असतो, गम तोंडात टाकतो आणि दातओठ खात कचाकचा चावतो. निकोटिन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं. पोटातून गेलेलं बरंचसं निकोटिन यकृतातच मोडून जातं, म्हणजे मेंदूपर्यंत फारसं पोहोचतच नाही. वाट्याला येते ती उचकी, घशात जळजळ, मळमळ, दुखणारा जबडा. तलफ तशीच राहते. मग ‘मला गम सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो, पाकीट कपाटात जातं आणि सिगारेट परत येते. यात गमचा दोष फार थोडा असतो. चघळण्याची पद्धत चुकलेली असते, आणि ती नेमकी भावनेच्या भरातच चुकते.

पद्धत अशी आहे. गम अगदी सावकाश चावायचा. दहा-पंधरा वेळा चावल्यावर तोंडात तिखटसर चव येते किंवा झिणझिण्या जाणवतात. तिथेच थांबायचं आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवायचा. मिनिटभराने झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावायचं, पुन्हा झिणझिण्या आल्या की गम दुसऱ्या बाजूच्या गालात ठेवायचा. असं साधारण अर्धा तास. त्या वेळात चावण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं. रागावलेल्या माणसाला हे जमत नाही, म्हणून शांत असताना, रोजच्या वेळच्या गमवर ते अंगवळणी पाडून घ्यावं. संकटात हात पाठ असलेलंच करतात.

चघळण्याआधी 15 मिनिटं आणि चघळताना काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम पाकिटावर असतो, पण त्याचं कारण क्वचितच लिहिलेलं असतं. कॉफी, फळांचा रस, शीतपेयं यांनी तोंड आम्लयुक्त होतं आणि निकोटिन त्वचेतून जाईनासं होतं. ताणाच्या वेळी माणूस नेमका कॉफीचा कप हातात घेऊन गम चघळतो, आणि दोन्ही वाया जातात. पंधरा मिनिटं थांबण्याइतका धीरच नसेल तर निदान साध्या पाण्याने खळखळून चूळ भरून मग गम तोंडात घ्यावा. ‘तलफ आली की पाणी प्या’ हा सल्ला चांगला आहे, पण पाणी गमच्या आधी. वर पाणी प्यायलं तर सुटलेलं निकोटिन पोटात धुऊन जातं.

कॉफीचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने मोडत असतं. धूर बंद झाला की तो वेग काही दिवसांत उतरतो आणि तेवढ्याच कॉफीने रक्तात आधीपेक्षा बरंच जास्त कॅफिन साठतं. हातांना कंप, धडधड, झोप नाही, उगाच चिडचिड. माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ आहे, म्हणून तो गम वाढवतो, आणि निकोटिन स्वतः उत्तेजक असल्याने अस्वस्थता वाढते. कॉफी साधारण निम्म्यावर आणून पाहावी. गमने हा बदल टळत नाही, कारण तो निकोटिनमुळे नसून धुरामुळे होता. क्लोझापिन, ओलान्झापिन, थिओफायलिन ही औषधं घेणाऱ्यांनी तर सिगारेट सोडतानाच डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्यांचीही रक्तातली पातळी याच कारणाने वाढते.

मात्रेबद्दल. उठल्यावर 30 मिनिटांच्या आत पहिली सिगारेट पेटवणाऱ्याने 4 मिलीग्रॅम घ्यावा, त्यानंतर पेटवणाऱ्याने 2. पाकिटावरचं नेहमीचं वेळापत्रक 12 आठवड्यांचं असतं: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला 24 च्या वर नाही. सुरुवातीला दिवसाला निदान नऊ लागतात, आणि बहुतेक जण इथेच हात आखडता घेतात. ‘अगदीच असह्य झालं तरच एक’ असं ठरवणारा माणूस दिवसभर निकोटिनच्या तुटवड्यात वावरतो. तुटवड्याची लक्षणं कोणती, तर चिडचिड, बेचैनी, उदासी, लक्ष न लागणं. ही पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. अशा माणसाला कुणीतरी टाकून बोललं की राग नेहमीच्या दुप्पट येतो. वेळेवर घेतलेला गम तो तुटवडा भरून काढतो, म्हणून भावनिक संकटात खरं काम करतो तो सकाळपासून वेळेवर घेतलेला गम, भडक्यानंतर घेतलेला नव्हे.

यातूनच गमची मर्यादाही कळते. तुटवड्यातून आलेली चिडचिड त्याने कमी होते. अपमान, दुःख, एकटेपणा यांवर तो काहीही करत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवूही नये. सिगारेट तरी काय करत होती? दोन सिगारेटींच्या मधे उतरलेलं निकोटिन पुन्हा चढवत होती. मेंदूने त्यालाच ‘शांत वाटणं’ असं नाव दिलं होतं. 2014 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका व्यापक आढाव्यात, सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचं दिसलं. पाकिटातल्या माहितीपत्रकात हे एवढं एक वाक्य असतं तरी किती जणांना बळ आलं असतं! आम्ही पाहिलेली माहितीपत्रकं तासांचा हिशेब देतात, रागाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ही या वस्तूची मोठी उणीव आहे.

ती भरून कशी काढायची? आधी कळणारे प्रसंग वेगळे करावेत. अवघड फोन, साहेबांसमोरची बैठक, दुरावलेल्या नातेवाइकाची भेट, दवाखान्यातून येणारा अहवाल. अशा वेळी 20-25 मिनिटं आधी गम सुरू करावा, म्हणजे प्रसंग येईपर्यंत पातळी वर आलेली असते. बोलायच्या वेळी गम गालात ठेवावा किंवा काढून टाकावा. हा वापर या वस्तूचा सर्वांत उत्तम वापर आहे.

अचानक आलेल्या प्रसंगात गम तोंडात टाकायचा आणि लगेच जागा सोडायची. तलफेची लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत खाली येऊ लागते, गमचा परिणाम त्यानंतर सुरू होतो. मधली मिनिटं दुसऱ्या कशाने तरी निभवायची असतात. सिगारेट ओढायला माणूस खोलीबाहेर जायचा, दीर्घ श्वास घ्यायचा, कुणाशी बोलायचं टाळायचा, हातात काहीतरी असायचं. हे सगळं सिगारेटशिवायही करता येतं. बाहेर जावं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत दहा श्वास घ्यावेत, जिना चढून-उतरून यावं, एका माणसाला फोन करावा. तो माणूस कोण, हे आधीच ठरलेलं असावं आणि त्यालाही ते माहीत असावं. त्या क्षणी नावांची यादी चाळायला बसलं की हात शेजाऱ्याच्या सिगारेटकडे वळतो.

दुःखात, विशेषतः मृत्यू किंवा ताटातुटीनंतर, गोष्ट जरा वेगळी असते. भूक, झोप, वेळापत्रक सगळं विस्कटतं आणि गमही विसरला जातो. तेव्हा मोबाइलवर दोन-दोन तासांचा गजर लावलेला बरा. तो लावायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला दिलं तर आणखी बरं. कंटाळ्याच्या वेळी मात्र गम उगाच जास्त चघळला जातो. तिथे साधा बिनसाखरेचा गमही चालतो. आनंदाच्या प्रसंगांना लोक कमी लेखतात. मद्य आणि ओढणाऱ्या मित्रांची संगत एकत्र आली की गमचा पाडाव होतो, हे स्पष्ट सांगायला हवं. पहिले काही आठवडे मद्य टाळणं हाच त्यावरचा उपाय.

वेष्टनाबद्दल एक बारीक, पण महत्त्वाची तक्रार. मुलांच्या हाती लागू नये म्हणून गमची पट्टी कडक असते. आधी एक चौकोन तोडायचा, मग मागचा कागद कोपऱ्यातून सोलायचा आणि मग गम ढकलून काढायचा. थरथरत्या हातांनी हे होत नाही, कागद अर्धवट फाटतो, गम आत चेपतो. काळजी रास्त आहे, म्हणून गम उघडा करून ठेवू नये. चौकोन तेवढे आधीच सुटे करून खिशात आणि पिशवीत दोन-दोन ठेवावेत. घरी ते मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. चघळून झालेल्या गममध्येही निकोटिन उरतं, तो कागदात गुंडाळूनच टाकावा.

एखादी सिगारेट ओढली गेलीच तर? ‘आता सगळं संपलं’ ही भावना त्या एका सिगारेटपेक्षा जास्त घातक असते. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने घसरणीचा हा टप्पा नेमका दाखवून दिला: अपराधीपणा येतो, आणि तो बुजवायला पुढची सिगारेट पेटते. गम बंद करू नये, पुढचा ठरलेल्या वेळीच घ्यावा. गम चालू असताना सिगारेट ओढली तर काहीतरी भयंकर होईल ही भीती जुन्या इशाऱ्यांमधून आलेली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 साली तो इशारा वेष्टनावरून काढायला परवानगी दिली.

गम एकटा वापरावा की त्वचेवर चिकटवायच्या निकोटिन पॅचबरोबर? भावनिक प्रसंगांतच घसरणाऱ्यांना आमची शिफारस जोडीची आहे. पॅच दिवसभर पातळी सपाट ठेवतो, गम वरच्या उसळ्यांसाठी राहतो. जोडीत गमचे तुकडे बरेच कमी लागतात, त्यामुळे मात्रा डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून ठरवावी. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात एकट्या प्रकारापेक्षा पॅच आणि त्याहून जलद अशा गमसारख्या प्रकाराची जोडी वापरणाऱ्यांत यश साधारण 25 टक्क्यांनी जास्त दिसलं. एकटा गमही काही कमी नाही. गम-पॅचसारख्या निकोटिन बदली उपचारांनी यशाची शक्यता एकंदर 50 ते 60 टक्क्यांनी वाढते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गम आणि पॅच 2009 पासून आहेत.

कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तर गम घेऊ नये, तोंडात विरघळणारी निकोटिन गोळी घ्यावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत वाढतं दुखणं किंवा हृदयाचे ठोके गंभीर बिघडलेले असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. चार-सहा आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, किंवा कधीही जीव नकोसा वाटला, तर तो गमचा विषय राहत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

कमी करताना आधी सवयीचे तुकडे काढावेत, जेवणानंतरचे, प्रवासातले. त्यांच्या जागी साधा गम घ्यावा. संध्याकाळी घरी परतल्यावरचा किंवा रात्री एकटं असतानाचा, म्हणजे ज्या वेळी मन हमखास डळमळतं तेव्हाचा तुकडा सर्वांत शेवटी सोडावा. 12 आठवडे उलटून गेले आणि तो एक सुटत नसला, तर डॉक्टरांशी बोलून आणखी काही काळ चालू ठेवावा. सिगारेटकडे परत जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.