इंटिरिअरच्या कामांसाठी ट्रेलो : गेल्या दिवाळीपासूनचा अनुभव

पुण्यात फ्लॅटचं रिनोव्हेशन आणि इंटिरिअर करणारी आमची छोटी टीम आहे. गेल्या दिवाळीपासून आम्ही प्रत्येक क्लायंटसाठी ट्रेलो या कामं लावून ठेवायच्या अ‍ॅपवर वेगळा बोर्ड उघडतो. बोर्ड म्हणजे रकान्यांचा फळा, त्यावर प्रत्येक कामाचं एक कार्ड. अ‍ॅप काही नवीन नाही. फॉग क्रीक या कंपनीने ते २०११ मध्ये आणलं, २०१७ मध्ये अ‍ॅटलासियनने विकत घेतलं. कार्डं एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकवायची कानबान पद्धत तर त्याहून जुनी, टोयोटाच्या कारखान्यातली. त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. क्लायंटसमोर ते कसं ठेवलं तर कामाला येतं, एवढंच लिहिते.

घराचं काम रखडलं की सगळे सुताराला बोल लावतात. खरं तर बऱ्याचदा काम अडतं ते न झालेल्या निर्णयापाशी. बाथरूमचंच घ्या. डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या व्हॉल्व्हची, बॉडी भिंतीच्या आत जाते, म्हणजे शॉवरचं मॉडेल टाइल्स लागायच्या आधीच ठरायला हवं. क्लायंटच्या डोक्यात मात्र नळ आणि शॉवर ही अगदी शेवटची खरेदी असते. ओट्याचंही तेच. सिंक साइटवर आल्याशिवाय ग्रॅनाइटला कटआउट मारायचा नाही. हे सगळं कामाच्या वेळापत्रकाच्या बार चार्टमध्ये असतंच, पण नोकरी, मुलं आणि भाड्याचं घर सांभाळणाऱ्या माणसाने तो चार्ट वाचून स्वतःचं काम शोधावं, ही अपेक्षाच मला पटत नाही. ते शोधून त्याच्यासमोर ठेवणं हे काम चालवणाऱ्याचं काम.

म्हणून क्लायंटच्या बोर्डवर चारच रकाने : ‘तुम्ही ठरवायचं’, ‘काम चालू’, ‘तपासून बघा’, ‘झालं’. पहिल्या रकान्यात एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त कार्डं ठेवत नाही. कार्ड असं असतं : ‘मोठ्या बाथरूमचा डायव्हर्टर. दोन पर्याय, फोटो आणि किंमत खाली. शनिवारपर्यंत सांगा. नाही ठरलं तर सोमवारी प्लंबर थांबेल आणि टाइल्सचं काम पुढे जाईल.’ शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही. उशिराची किंमत आधी दिसली की माणूस लवकर ठरवतो.

कार्डवर दिलेली तारीख चोवीस तासांवर आली की ती पिवळी होते, उलटली की लाल. सदाशिव पेठेतल्या आमच्या एका क्लायंट काकूंनी त्यापलीकडे काहीच शिकून घेतलं नाही, आणि त्यांना गरजही पडली नाही. एके सकाळी त्यांचा फोन आला, “अगं, माझ्या ओट्याचं कार्ड पिवळं झालंय. सिंक बघायला आजच जाऊ ना?” गेल्या, दुकानातूनच फोटो टाकला. अमेरिकेतल्या मुलाने त्याच्या वेळेनुसार बघून खाली ‘चालेल’ लिहिलं. ग्रॅनाइटवाला ठरल्या दिवशी आला.

‘तपासून बघा’ हा रकाना माझ्या सर्वात आवडीचा. वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये पाणी भरून ठेवतो, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारतो. पहिल्या दिवसाचा फोटो, दोन दिवसांनंतरचा फोटो आणि खालच्या फ्लॅटच्या छताचा फोटो, तिन्ही एकाच कार्डवर. क्लायंटने बघून होकार दिल्याशिवाय टाइल्स लागत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच फोटो गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातात. इथे घर ताब्यात दिल्यानंतरही सापडतात.

अ‍ॅपने मात्र शिस्त आपोआप येत नाही. आमच्याकडे क्लायंटच्या बोर्डवर टीममधलं एकच माणूस लिहितं. मिस्त्री, प्लंबर, माल कुठे अडलाय, ही सगळी धावपळ आमच्या आतल्या बोर्डवर. पण तारीख बदलली तर ती त्याच दिवशी, कारणासकट क्लायंटच्या कार्डवर जाते आणि मी स्वतः फोन करते. वाईट बातमी नोटिफिकेशनने कळवायची नाही, यावर मी ठाम आहे.

आता मर्यादा. फुकट प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला, म्हणजे टीमच्या सगळ्या बोर्डांच्या एकत्र जागेला, एकावेळी दहाच बोर्ड उघडे राहतात आणि माणसंही दहाच, एखाद्याच बोर्डवर बोलावलेले पाहुणे धरून. म्हणून काम संपलं की बोर्ड बंद करतो. एक फाइल १० एमबीपर्यंतच चढते, त्यामुळे साइटचे व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून लिंक देतो. ट्रेलोचा स्वतःचा कॅलेंडर व्ह्यू हवा असेल तर पैसे मोजावे लागतात. बोर्ड ‘पब्लिक’ केला तर लॉगिनशिवाय दिसतो, आणि ज्येष्ठ क्लायंटसाठी तो मोह होतो. करू नका. घराचा नकाशा आणि तिजोरीची जागा इंटरनेटवर उघडी पडते.

एस्टिमेट, मोजमापं आणि बिलं आम्ही अजूनही एक्सेलवरच करतो, ट्रेलो त्यासाठी नाहीच. अख्खी इमारत बांधणाऱ्यांनाही हे पुरणार नाही. दोन-तीन फ्लॅट एकदम चालवणाऱ्या टीमने मात्र पुढच्या नव्या क्लायंटपासून सुरू करावं. अर्धं झालेलं काम बोर्डवर चढवायला जाऊ नये, त्यात जुन्या तारखाच लाल दिसत राहतात.