माती परीक्षण लॅब: तळ्याच्या गाळाला कितपत उपयोगी?

उसाच्या रानासाठी कोल्हापुरातलं नेहमीचं माती परीक्षण ठीक आहे. रंकाळा-कळंबा तळ्यांच्या काठचा गाळ दिलात तर अहवाल जपून वाचा. लॅब नमुना वाळवून, कुटून, २ मिमी चाळणीतून काढते. घोळ तिथंच! हवा लागली की गाळातल्या सल्फाइडचं आम्ल बनतं, सामू (pH) घसरू शकतो, अमोनियाही उडतो.

म्हणून सामू आणि रेडॉक्स (गाळात ऑक्सिजनची कितपत वानवा आहे ते सांगणारा व्होल्टेजचा आकडा) काठावरच, ओल्या गाळात मोजा. रेडॉक्स मीटरच्या आकड्यात त्यातल्या संदर्भासाठीच्या सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडचे साधारण २०० मिलिव्होल्ट मिळवा. बेरीज उणे १५० च्या खाली गेली तर सल्फेटचं सल्फाइड होतंय (कुजक्या अंड्याचा वास आधीच सांगतो म्हणा). लॅबचा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा तुलनेपुरता चालतो: नाल्याच्या तोंडचा आणि लांबच्या काठचा नमुना एकाच दिवशी द्या.