रूम रिक्वेस्ट ‘पक्की’ करायचे पैसे मागितले की फोन ठेवून द्या

३२,६९३ रुपये ४६ पैसे. दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये तळमजल्यावरच्या, शेजारी शेजारी तीन खोल्या ‘पक्क्या’ करून देतो म्हणून एका भामट्याने माझ्याकडून एवढे पैसे काढले. बुकिंगचे ६१,७४० वेगळे. ते पैसे योग्य जागी गेले होते. रिसॉर्ट खरं, ॲप खरं, बुकिंग नंबरही खरा. खोट्या वेबसाइटवर बुकिंग करून फसलेल्यांच्या गोष्टी आपण सगळे वाचतो आणि मनात म्हणतो, आपण बरे असे फसू. इथे बुकिंग शंभर टक्के खरं होतं आणि चोर त्यानंतर आला. हा प्रकार फारसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

तळमजला हा आमचा हट्ट नव्हता. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यात. गोव्यात किनाऱ्याला लागून असलेल्या रिसॉर्टना सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांमुळे उंची वाढवता येत नाही. भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातल्या रिसॉर्टना २०११ च्या अधिसूचनेने ९ मीटर उंची आणि तळमजला अधिक एक मजला एवढीच मुभा दिली. साहजिकच अशा बैठ्या रिसॉर्टमध्ये बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते. वरची खोली मिळाली तर जेवायला, समुद्रावर जायला, प्रत्येक वेळी जिना. दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं बरोबर, त्यामुळे खोल्या जवळजवळ हव्यात, रात्री-अपरात्री आईला काही लागलं तर. तीन खोल्या, तीन रात्री. एवढे पैसे भरल्यावर एवढी साधी अपेक्षा ठेवणं चूक आहे का?

ॲपवर ‘स्पेशल रिक्वेस्ट’चा चौकोन असतो. त्यात मी सगळं व्यवस्थित लिहिलं. खाली बारीक अक्षरात तेच नेहमीचं वाक्य, उपलब्धतेनुसार. म्हणून ॲपच्या कस्टमर केअरला फोन केला. उत्तर मिळालं, “रिक्वेस्ट आम्ही पुढे पाठवली आहे सर, कन्फर्मेशन तुम्ही हॉटेलकडूनच घ्या.” घ्या म्हणजे कुठून घ्या? व्हाउचरवर रिसॉर्टचा जो नंबर होता तो नुसता वाजत राहायचा. मग माणूस काय करतो? तुम्ही काय केलं असतं? नकाशाच्या ॲपवर रिसॉर्ट शोधलं. हजारो रिव्ह्यू, पाहुण्यांनी टाकलेले फोटो, पत्ता, सगळं बरोबर. फक्त त्या पानावरचा फोन नंबर रिसॉर्टचा नव्हता. अशा पानावर कुणीही ‘बदल सुचवू’ शकतो, आणि लक्ष न ठेवलेल्या पानांवर तो बदल चढतोही, हे मला आता माहीत झालंय.

फोन उचलला तेव्हा आधी रेकॉर्ड केलेलं स्वागत, मग ‘रिझर्व्हेशनसाठी एक दाबा’. माणूस मराठीत बोलला, अधूनमधून हिंदी. बुकिंग नंबर मागितला, मी दिला. आईचं वय विचारलं, कोणत्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तेही विचारलं. म्हणाला, “सर, आईंना एक पायरी चढायला लागणार नाही, ती माझी जबाबदारी.” ॲपवाल्यांनी जे एकदाही विचारलं नाही ते या माणसाने विचारलं. विश्वास बसणारच.

मग पैसे. सीझनमध्ये तळमजला अडवून ठेवायला प्रत्येक खोलीमागे ४,९९९ रुपये ‘रूम ब्लॉकिंग डिपॉझिट’, चेक-आउटला परत. तीन खोल्यांचे १४,९९७. क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर आला, मी भरले. दोन मिनिटांत पुन्हा फोन. रक्कम जीएसटीसकट एकदम यायला हवी होती, सिस्टिम अर्धवट पेमेंट घेत नाही, आता १७,६९६.४६ पूर्ण पाठवा, आधीचे १४,९९७ आपोआप उलट येतील. मी कॅल्क्युलेटर काढला. १४,९९७ वर १८ टक्के म्हणजे २,६९९.४६. बेरीज पैशापर्यंत जुळली. त्या ४६ पैशांनी माझा घात केला. चोर इतका काटेकोर हिशेब कशाला करेल, असं वाटलं. चोरच करतो. परत येणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी कसला, हा प्रश्न त्या घटकेला डोक्यात आला नाही, आणि घाईत तो कुणाच्याच डोक्यात येत नाही, कारण ते लोक घाईच विकतात. “सर, अजून दोन पार्टी याच खोल्यांसाठी लाइनवर आहेत.”

पण खरा क्षण त्याआधीचा, आणि तो आठवला की आजही अंगाची लाही होते. यूपीआयचा पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे रिसॉर्टचं नाव नव्हतं. कुठल्यातरी ‘मोबाइल ॲक्सेसरीज’चं नाव होतं. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, त्याला विचारलंही. तो थांबला नाही, अडखळला नाही, “आमचं पेमेंट व्हेंडरच्या खात्यावर जातं सर, बिल रिसॉर्टच्याच नावाने येईल.” हॉटेलवाले, पेट्रोलपंपवाले, अगदी किराणा दुकानवालेही भलत्याच नावाच्या खात्यावर पैसे घेतात आणि आपण रोज देतो. इतक्या वेळा ते खपवून घेतल्यावर त्या दिवशीच वेगळं का वाटावं? तरी सांगतो, बोट पिनच्या शेवटच्या आकड्यावर होतं तेव्हा मन एकदा मागे सरलं होतं. स्क्रीनवर दिसणारं नाव आणि ज्याला पैसे द्यायचे त्याचं नाव जुळत नसेल तर समोरचा काहीही समजावू दे, पैसे पाठवू नका. समजावतो आहे हाच पुरावा.

दुसरी खूण पैसे गेल्यावर त्याने पाठवलेल्या ‘कन्फर्मेशन’च्या पीडीएफमध्ये होती. रिसॉर्टचा लोगो, माझं नाव आणि छापील खोली क्रमांक १०४, १०५, १०६. आम्ही घरी ती सगळ्यांना दाखवली, आईला खोली नंबरसुद्धा वाचून दाखवले. हॉटेलात खोल्यांची वाटणी बहुतेक आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी होते, कोण निघतंय, कोण राहतंय, कोणती खोली साफ झाली त्यावरून. इतके दिवस आधी ठाम नंबर छापून कुणीच देत नाही. हे मला रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसमधल्या मुलीने सांगितलं, सामान गाडीतून उतरवून झाल्यावर.

ती मुलगी पीडीएफ बघून म्हणाली, “काका, १०६ नंबरची खोली आमच्याकडे नाहीच. तो ब्लॉक १०५ ला संपतो.” दिवाळीची सुट्टी, रिसॉर्ट भरलेलं, तळमजल्यावर त्या रात्री एकही खोली रिकामी नाही. आई जिना चढली. एका हाताने कठडा, दुसरा हात दादाच्या खांद्यावर, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. अर्ध्यावर थांबून म्हणाली, “राहू दे रे, जेवण वरच मागवा.” समुद्र शंभर पावलांवर होता. त्या भामट्याला मी एक वेळ पैसे सोडेन, पण हे सोडणार नाही.

आणि ऐका, दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुटुंब निघालं तशी त्याच मुलीने आईला खालची खोली दिली. शेजारची दुपारी दिली. एक रुपया न घेता. रूम रिक्वेस्ट अशीच पुरी होते, फुकट. मजला, शेजारची खोली, लिफ्टपासून लांब, पाळणा, याचे डिपॉझिट कुणी घेत नाही. वरच्या दर्जाची खोली हवी असेल तर फरकाचे पैसे रीतसर बिलात लागतात, किंवा एक्स्ट्रा बेडचे लागतात. बाकी कशाचेही पैसे आगाऊ क्यूआरवर मागितले की तो चोर आहे.

मॅनेजरसाहेबांचं बोलणं मात्र डोक्यात गेलं. “असं होतंय सर, तुमच्यासारखे आणखी पाहुणे आलेत.” म्हणजे यांना ठाऊक होतं! आपल्या नावाच्या पानावर चोराचा नंबर बसलाय, पाहुणे लुटले जातायत, आणि ज्यांचं बुकिंग हातात आहे त्यांना एक ओळीचा मेल पाठवावासा वाटला नाही. वर मला ऐकवतात की पैसे आमच्याकडे आलेच नाहीत. ॲपचं उत्तर तेच. रिक्वेस्ट धड होही म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही, आणि त्या अधांतरी जागेत जो माणूस ठामपणे “हो” म्हणतो तो चोर असतो.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदवून घेतली, पावती क्रमांक दिला, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. ही हेल्पलाइन कामाची आहे ती पहिल्या काही तासांत, पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारतोय तोवर. पण मला कळणार कसं? चोराने मुद्दाम असा माल विकला की फसवणूक चेक-इनच्या दिवशीच उघडी पडेल. गोव्यातल्या पोलीस ठाण्यात गेलो तर, पैसे तुमच्या गावातून गेले, तक्रार तिकडे द्या. गावी आलो तर, घटना गोव्याच्या हॉटेलची आहे, तिकडे का नाही दिली? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हवालदारसाहेब म्हणाले, “कायदा आम्हाला नका शिकवू, रक्कम किती आहे तुमची?” रक्कम! बत्तीस हजार त्यांना किरकोळ वाटले. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला आणि सल्ला दिला की ग्राहक मंचात जा. चोराचा पत्ता नाही, मंचात कुणाला उभं करू?

बँकेत गेलो. ऑफिसरने स्क्रीनकडे बघतच सांगितलं, पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार ‘ऑथोराइज्ड’ आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरवली, पण ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले की बँका त्याच परिपत्रकातल्या ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ या शब्दांमागे उभ्या राहतात. मी विचारलं, ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणीतरी केवायसी करूनच उघडलं ना? मोबाइलच्या सामानाच्या दुकानाच्या नावावर अनोळखी लोकांचे हजारो रुपये येतात आणि लगेच निघून जातात, हे कुणाच्या नजरेत येत नाही? त्यावर त्या साहेबांनी मला पुढचं टोकन बोलवायचं आहे असं सांगितलं. निष्काळजीपणा माझा, आणि खातं उघडून देणाऱ्यांचा काहीच नाही?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आय-फोर-सी या सायबर गुन्ह्यांसाठीच्या विभागाने चारधामच्या यात्रेकरूंना आणि पर्यटकांना बुकिंगच्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. ते मी वाचलं होतं, घरच्या ग्रुपवर पुढे पाठवलंही होतं. वेबसाइट खरी आहे का ते तपासा, हे त्यातून लक्षात राहिलं. मी तपासलीच होती की.

आता जायच्या आधी काय कराल? खोलीचा प्रकार, म्हणजे तुमच्या बुकिंगवर छापलेलं जे नाव, तेवढाच तुमचा हक्क. तळमजला जगण्याची गरज असेल तर रिक्वेस्टवर सोडू नका, जिथे ‘ग्राउंड फ्लोअर’ हाच खोलीचा प्रकार म्हणून विकतात तिथेच बुक करा. ‘कनेक्टिंग’ मागितलं तर मध्ये दार असलेल्या खोल्या, ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारच्या, फोनवर दोन्ही एकच समजतात, त्यामुळे नेमकं लिहा. जाण्याच्या तीन-चार दिवस आधी रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल टाका, कारण लिहा, उत्तर लेखी घ्या. चेक-इनच्या दिवशी लवकर पोचा. फोन नंबर नकाशावरून किंवा सर्चमधून उचलू नका. मोबाइल नंबर असेल तर अजिबात नाही. व्हॉट्सॲपवर ‘कन्फर्मेशन’ म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये परकं ॲप बसवणारी फाइल आली तर उघडू नका, मला तीही आली होती, भाचीने वेळेवर फोन हातातून घेतला म्हणून खातं वाचलं.

ग्राहक आयोगाचा, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचा, रस्ता चोरासाठी नाही, पण रिसॉर्ट आणि ॲपसाठी आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. मी दोघांनाही नोटीस पाठवली आहे, पाहुण्यांना सावध का केलं नाही एवढाच प्रश्न आहे, उत्तर आलेलं नाही.

पोलिसांनी पुन्हा टाळलं तर कलम १७३ (४) नुसार अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने जातो, तो मी रजिस्टर्ड पोस्टाने टाकला. तुमच्याकडेही अशी ‘रूम ब्लॉकिंग डिपॉझिट’ची पीडीएफ पडली असेल तर आजच यूपीआयवरचं खातेदाराचं नाव बघा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तो फोन नंबर आणि यूपीआय आयडी ‘सस्पेक्ट सर्च’मध्ये टाकून पाहा, आणि यूटीआर (बँकेतल्या व्यवहाराचा) क्रमांक, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, कॉलची वेळ जोडून तक्रार करा. सुट्टीला जायचा दिवस उजाडायची वाट बघू नका, १९३० ला फोन आत्ता लावा.